सोजरमावशीचा न धुतलेला डेरा

उभ्या उभ्या झोपता येतं, आणि झोपेत टाळही वाजवता येतात. कुणाला पटणार नाही, पण मी वाजवले आहेत. तेहतीस सालचा गोकुळाष्टमीचा सप्ताह. सात दिवस काकड्याला उठून उठून माझे डोळे चिंचोके झाले होते. शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात, मी कीर्तनकार बुवांच्या मागं पहिल्या ओळीत उभा. हात वाजवत होते, तोंड विठ्ठल विठ्ठल म्हणत होतं आणि मी स्वतः गाढ झोपलो होतो. कीर्तन संपल्यावर बुवांनी विचारलं, "मास्तर, डोळं मिटून काय चाललं हुतं?"

मी म्हणालो, "समाधी लागली होती, बुवा."

बुवांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. मी लावू दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पांडुरंगानं मला गाठलं. पोटात आधी एक टाळ वाजला, मग पखवाज, मग अख्खी दिंडी उठली. बायको जागी होऊ नये म्हणून मी अनवाणीच टमरेल उचललं आणि नाल्याकडे सुटलो. अर्ध्या वाटेत आमच्या पेठेतला विणकर नागप्पा भेटला. त्याचा एक हात पाठीमागे होता.

"राम राम मास्तर. हवा खायला?"

"हो, हवा खायला. तुम्ही?"

"मीबी हवाच."

पुढं रेवणप्पा दूधवाला भेटला. आमच्या देवळातला पखवाजही तोच वाजवतो. तोही हवा खायला निघाला होता आणि जरा पळतच हवा खात होता. नाल्याच्या काठाला तर त्या दिवशी जत्रा भरली होती. प्रत्येकाच्या हातात टमरेल, आणि कुणी कुणाच्या हाताकडे बघत नव्हतं. मी मनात म्हटलं, काय ही पेठ, केवढी आरोग्याची आवड! ह्या सगळ्या पुण्यवंतांत पापी तेवढा मीच. खोट्या समाधीचं फळ भोगतो आहे.

आमची सोलापुरातली पेठ म्हणजे निम्मे मागवाले, निम्मे मिलवाले आणि आमच्यासारखी दोन-चार मास्तर-कारकुनांची घरं. तेलुगू, कानडी, मराठी सगळं एकाच गल्लीत बोललं जातं. मिलच्या भोंग्यावर उठायचं आणि विठ्ठलाच्या घंटेवर झोपायचं. देऊळ लहान, पण आमचा काला मोठा. नवमीच्या दुपारी घरटी एक तांब्या दही येतं. कुणाचं गाईचं, कुणाचं शेळीचं, कुणाचं आंबट, कुणाचं पाणीदार. सगळं एका डेऱ्यात ओततात, त्यात ज्वारीच्या लाह्या, पोहे, काकडी, मिरची, आलं, लिंबाचं लोणचं. एकदा कालवलं की ह्या घरचं आणि त्या घरचं असं काही उरत नाही. वर्षभर एकमेकांशी न बोलणारी माणसं त्या दिवशी एका डेऱ्यातलं खातात आणि बोटं चाटतात. मला विचाराल तर वैकुंठात जेवणाची पंगत असेलच, तर ती अशीच असणार.

तो डेरा सोजरमावशीचा. म्हणजे देवाचाच, पण सांभाळायचा मान तिचा. सासूकडून तिच्याकडे आला त्याला तीस वर्षं झाली. मावशीला ना मूल ना बाळ. धन्याच्या मागं चार शेळ्या, एक खोली आणि हा मान, एवढंच तिचं. पोटाशी धरता येणार नाही एवढा मोठा, काळाभोर मातीचा डेरा. काला वाटून संपला की मावशी तो आतून फडक्यानं पुसायची आणि देवळाच्या आढ्याला शिंक्यात टांगायची. पाणी कधी लावायचं नाही. कारण सरळ होतं. धुतला तर धुण्याबरोबर प्रसादाचा कण मोरीत जाणार. देवाचा घास मोरीत घालवायचा तो कुणी? शिवाय तळाला जे चिकटून राहायचं, तो मावशीच्या मते मागच्या सालचा काला. त्यात त्याच्या मागच्या सालचा. "पयल्या काल्यापासनं धागा तुटला न्हाय," ती सांगायची आणि आम्ही सगळे त्या शिंक्याला हात जोडायचो.

आता चौतीस सालच्या श्रावणात काय झालं ते सांगतो.

शाळा सुटायच्या वेळी डॉक्टर गंगाधरपंत माझ्या वर्गात आले. हे म्युनिसिपालिटीचे डॉक्टर. पुण्याकडून येऊन त्यांना वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सडपातळ, चष्मेवाले, आणि हात इतक्या वेळा धुणारे की पेठेत त्यांना सोवळे डॉक्टर म्हणायचे. मुलांच्या बाकावर गुडघे मोडून बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा काला मला बंद करावा लागणार असं दिसतं."

माझ्या हातातला खडू पडला.

"मागच्या वर्षी काल्यानंतर दीड दिवसात त्रेचाळीस माणसं माझ्याकडे आली," ते म्हणाले. "सगळी मागच्या दारानं. प्रत्येकानं शपथ घातली की शेजारच्याला कळू देऊ नका. प्रत्येकाला विचारलं, काय खाल्लं? उत्तर एकच, काही नाही. त्रेचाळीस जणांची पोटं काही न खाता बिघडली."

"अरेरे," मी म्हणालो. "मला तर पत्ताच नाही."

"तुम्ही बाविसावे होता."

"माझं डोकं दुखत होतं हो."

"डोकं दुखतं म्हणून तुम्ही माझ्या घरचं शौचकूप चार वेळा वापरलंत, मास्तर."

मी फळा पुसायला लागलो.

डॉक्टरांचा आवाज मग मऊ झाला. ते म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका. नशीब, मोठी माणसं निभावली. एक तान्ही पोर चार दिवस माझ्या डोळ्यासमोर सुकत होती, कशीबशी वाचली. यंदा जिल्ह्यात पटकीची चाहूल आहे. एकत्र खाणं थांबवायचा हुकूम माझ्या खिशात आहे. दही चांगलं असतं, लाह्या चांगल्या असतात. मला तो डेरा एकदा आतून बघू द्या. आणि तो उकळत्या पाण्यानं धुवून घ्या. मग मी हुकूम काढत नाही."

मी तडक मावशीकडे गेलो. ती शेळीची धार काढत होती.

"डेरा धुवायचा?" मावशीनं धार थांबवली. शेळीनंही वळून माझ्याकडे बघितलं. "अन् ते पानी कुटं टाकू, मास्तर? मोरीत? तुमी शिकलेली मानसं, तुमीच सांगा. देवाचा परसाद मोरीत टाकू?"

"मावशी, नाही धुतला तर काला बंद होईल."

"मग मीबी बंद हुईन," ती म्हणाली. रागानं नव्हे, अगदी साधं, उद्या बाजार आहे म्हणावं तसं. "तीस वरसं त्या डेऱ्यापायी मला लोक आक्का, मावशी म्हनत्यात. डेरा न्हाय तर मी कोन? चार शेळ्यांची म्हातारी."

मी तसाच परत फिरलो. कारण ते खरं होतं.

सप्तमीला डॉक्टर आपली सूक्ष्मदर्शक दुर्बीण घेऊन देवळात आले. पितळी, उभी, खाली आरसा. मावशीनं मोठ्या कष्टानं डेरा उतरवू दिला. डॉक्टरांनी तळाचं नखाएवढं खरवडलं, पाण्याच्या थेंबात कालवलं, काचेवर घेतलं, आणि म्हणाले, "आजी, आता बघा. बघा म्हणजे कळेल."

मावशीनं एक डोळा मिटला, दुसरा लावला. डॉक्टर समाधानानं माझ्याकडे बघत होते.

"अगं बाई गं!" मावशी ओरडली. "हे कोन म्हनायचे?"

"हेच ते जंतू. एकापासून हजार होतात. हेच पोटात जातात."

"नाचायलेत की ओ! हे बघा मास्तर, फुगड्या घालायलेत! एक पुढं, धा मागं!" मावशीचा डोळा पाण्यानं भरला. "अवो डाक्टर, देवाच्या डेऱ्यात ऱ्हाऊन त्यास्नीबी भजनाचा नाद लागला की!"

झालं. ही बातमी मिलच्या भोंग्याच्या आधी पेठभर गेली. दुपारपर्यंत देवळाबाहेर रांग. डेऱ्यातले नाचरे भक्त बघायला बाया नवी लुगडी नेसून आल्या. कुणीतरी दुर्बिणीला हळदकुंकू लावलं. नागप्पानं तिला विणलेला पंचा पांघरला. रेवणप्पा तर नारळच घेऊन आला.

"नारळ फोडू नका!" डॉक्टर किंचाळले. "भिंगावर पाणी उडेल!"

"अय्यो, मग कुटं फोडू?"

"कुठंच फोडू नका! अहो, हे तुमचे शत्रू आहेत, शत्रू!"

"शत्रू असते तर नाचले असते का, डाक्टर?" रेवणप्पानं शांतपणे विचारलं, आणि रांगेतल्या बाया माना डोलावू लागल्या.

डॉक्टर पायरीवर डोकं धरून बसले. कुंकवाचं एक बोट त्यांच्या चष्म्यालाही लागलं होतं. मला म्हणाले, "मास्तर, माझा इलाज संपला. नवमीला दहा वाजता मी शिपाई घेऊन येतो. डेरा तसाच असेल तर काला होणार नाही."

मी अष्टमीला सकाळीच होटगीची गाडी पकडली.

आमचे कीर्तनकार हरिबाबुवा होटगी जंक्शनवर सांधेवाले. मोठी गाडी सोलापूरकडे, लहान गाडी विजापूरकडे, आणि मधे हिरवं निशाण घेऊन बुवा. रुळांचे सांधे बदलता बदलता त्यांना कृष्णचरित्र सगळं पाठ झालेलं. गळा असा की गाडीची शिट्टी खाली पडावी. मी त्यांच्या लाकडी खोलीत बसून सगळं सांगितलं. डॉक्टर, हुकूम, मावशी, दुर्बीण.

बुवांनी निशाण गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मास्तर, खरं सांगा. मागल्या साली तुमचं पोट बिघडलं हुतं का?"

"छे छे," मी म्हणालो. "तुमचं?"

"छ्या. माझं कशाला?"

दोघंही खिडकीबाहेर रुळांकडे बघत बसलो. तिकडून येणारी मालगाडी आम्हाला दोघांनाच बघायला आल्यासारखी हळू हळू गेली.

"या तुमी," बुवा म्हणाले. "उद्या बघू."

नवमी उजाडली. देऊळ गच्च. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, घरोघरची दह्याची तांब्या-भांडी गाभाऱ्यासमोर ओळीनं, आणि वर शिंक्यात डेरा. खाली भिंतीला टेकून मावशी. हात डेऱ्याच्या दिशेनं सारखा वर जायचा, पडतोय का बघावं तसा. दारात डॉक्टर, त्यांच्या मागं शिपाई, त्याच्या हातात कागद.

हरिबाबुवा उभे राहिले. कमरेला उपरणं, पायात चाळ. रेवणप्पाच्या पखवाजावर पहिली थाप पडली आणि पेठेच्या अंगावर काटा आला. बुवांनी गोकुळ उभं केलं. यमुनेचा काठ, गाई बसलेल्या, गोपाळ शिदोऱ्या सोडताहेत. कुणाची भाकरी, कुणाचा दहीभात, सगळं एकत्र. मी टाळ वाजवत होतो, आणि यंदा सताड जागा होतो. बुवांनी दोन्ही हात वर केले. आता नामघोष होणार म्हणून आम्ही श्वास घेतला.

बुवांनी हात खाली आणले. पखवाज थांबला.

"मंडळी," ते म्हणाले, "मी लबाड मानूस हाय."

बुवांनी उपरण्याची गाठ घट्ट केली.

"मागल्या साली काल्याच्या दुसऱ्या दिवशी विजापूरची लहान गाडी होटगीला अकरा मिनिटं उभी हुती. मुंबईपतूर विचारना झाली. मी सांगितलं, रुळावर म्हस बसली हुती. म्हस न्हवती. म्या सांधा अर्धा सोडून ज्वारीच्या रानात बसलो हुतो. डायवर शिट्ट्या मारतोय, अन् मी रानातनं त्याला हिरवं निशान दावतोय!"

बायांच्या बाजूला कुणाच्या तरी तोंडातून हसू फुटलं आणि पदरात दाबलं गेलं.

"मला वाटलं, ही देवाची शिक्षा. का? तर कीर्तन लई रंगलं म्हनून म्या ते एका तासाचं तीन तास केलं. तुमच्यासाठी न्हवं. माझा गळा मला आवडला म्हनून. देवाला गर्व खपला न्हाय, असं म्या समजून गेलो आन् वरीसभर कुनाला बोललो न्हाय." मग बुवा सावकाश मागं वळले. "मास्तर?"

माझ्या हातातले टाळ आपोआप वाजले.

"मी समाधीत नव्हतो, बुवा," मी म्हणालो. "झोपलो होतो. आणि सकाळी नाल्यावर…"

"अहो!" बायांच्या मधून माझी बायको मालती ताडकन उठली. "म्हणजे तुम्हालाही?"

"म्हणजे तुला?"

"मग काय! मला वाटलं, मी नैवेद्याच्या श्रीखंडाचं बोट चाखलं म्हणून! परसात सहा वेळा गेले, आणि तुम्हाला सांगितलं की तुळशीला पाणी घालतेय!"

"सहा वेळा तुळशीला पाणी?" पलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि मग धरण फुटलं. नागप्पा उठला. देवाच्या पंच्याची लांबी त्यानं चार बोटं कमी विणली होती, म्हणून त्याला देवानं धरलं असं त्याला वाटलं होतं. एक म्हातारी उठली. तिनं कीर्तनाला येताना सुनेला घरात कोंडून कडी घातली होती. सून उठली. तिनं आत बसून सासूच्या नावानं बोटं मोडली होती आणि सासूनं घरी आणलेला काला खाल्ला होता. दोघी एकाच रात्री एकाच परसात वेगवेगळ्या वाटांनी गेल्या होत्या. रेवणप्पानं पखवाज बाजूला ठेवला.

"मी काल्याच्या दुधात पाणी घातलं हुतं," तो म्हणाला. "शेराला…"

"ऱ्हाऊ दे," बुवा म्हणाले. "कीर्तन हाय."

डॉक्टर दारातून पुढं आले होते. टाचा उंचावून मोजत होते, ओठ हलत होते. "हात वर करा," ते म्हणाले. "मागच्या वर्षी ज्यांची ज्यांची पोटं गेली त्यांनी हात वर करा."

सगळं देऊळ हातांचं झालं. शिपायानंही कागदवाला हात वर केला.

आम्ही त्या हातांकडे बघितलं, मग एकमेकांकडे. मग नाल्याचा काठ, ती टमरेलं, ते "हवा खायला" सगळ्यांना एकदम आठवलं. देऊळ असं हसलं की गाभाऱ्यातली समई हलली. नागप्पा माझ्या गळ्यात पडला. म्हातारी सुनेच्या मांडीवर थापा मारत होती. बुवांचा फेटा सुटला. मला वाटलं, देवही दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा आहे तो हसून हसून बरगड्या दुखल्यामुळेच.

एकच हात खाली होता. सोजरमावशीचा.

"मला कायबी झालं न्हाय," ती म्हणाली. हसणं हळूहळू थांबलं. "मी मनाशी म्हनत हुते, या पेठंत माझंच तेवढं पुन्य चोख हाय."

"मावशी," डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही काला खाल्ला होता?"

"मला कवा उरतोय? समद्यांस्नी वाटून झाला की मी डेरा पुसते अन् फडकं कपाळाला लावते. तीस वरसं असंच हाय."

मावशीनं वर डेऱ्याकडे बघितलं. तिला कळत होतं, तिचं तिलाच, आणि आम्हाला ते कळताना दिसत होतं.

"म्हंजी माझ्या डेऱ्यापायी," ती म्हणाली, "समद्या पेठंनं वरीसभर इठ्ठलावर आळ घेतला? त्यानं मारलं, त्यानं शिक्षा केली असं म्हनले?"

"व्हय गं," बुवा म्हणाले.

"अन् तो गप ऱ्हायला?"

"त्याला बोलता कुटं येतंय? आपुनच बोलायचं." बुवा तिच्यासमोर खाली बसले. "सोजराबाई, देवाला रोज आंघोळ घालतीस का न्हाय?"

"पारोशा देवाला फूल तरी घालीन का मी?"

"ते पानी कुटं टाकतीस?"

"तुळशीला."

"मग तुझ्या घरच्या ताकाच्या डेऱ्याचं काय करतीस?"

"रोज कडकडीत पान्यानं धुते, राख लावते, उलथा घालून निखाऱ्यावर शेकते. न्हायतर वास मारतोय की."

"तुझ्या घरच्याला रोज आंघोळ," बुवा म्हणाले, "दगडाच्या देवाला रोज आंघोळ. अन् ह्यो काल्याचा डेरा तीस वरसं पारोसा?"

मावशीनं तोंडावर हात घेतला. ज्या बाईनं जन्मात पारोशी राहून चूल पेटवली नव्हती, तिच्या तोंडावर तो शब्द थंड पाण्यासारखा पडला. ती ताडकन उठली. "उतरवा," म्हणाली. "आधी उतरवा त्याला! पानी तापवा! मास्तर, बघताय काय, उठा की!"

पुढचा तासभर देवळाचं न्हाणीघर झालं. चार चुली पेटल्या. डॉक्टर स्वतः कोट काढून फुंकणीनं फुंकत होते. मावशीनं डेऱ्याला उकळत्या पाण्याचं पहिलं स्नान घातलं आणि देवळात असा वास सुटला की रेवणप्पा पखवाज घेऊन बाहेर पळाला. ते पाणी पुन्हा उकळून, निववून, मालतीनं घंगाळात धरून तुळशीला नेलं. बुवांनी इकडे कीर्तन पुन्हा धरलं. यशोदेनं कृष्णाला उखळाला का बांधलं? लोणी खाल्लं म्हणून? छ्या. घरचंच लोणी, खाईना का! हात न धुता लोण्यात घातला म्हणून! असा अर्थ मी जन्मात ऐकला नव्हता, पण त्या दिवशी मला तो फार पटला.

आणि डेरा निखाऱ्यावर उलथा घातला असताना, बुवा कृष्णाच्या हातातला खडा गौळणीच्या घागरीवर मारत असताना, फट्ट!

डेरा मधोमध फुटला.

सगळं देऊळ "हरी विठ्ठल" म्हणून गरजलं. मागच्यांना वाटलं, ह्याही वर्षी बुवांनी काय रंग भरला आहे! पुढच्यांना मावशी दिसत होती. ती खापरीजवळ बसली होती. तिनं एक तुकडा उचलला. फुटलेल्या मातीच्या आत, कडेत, आरपार काळं मुरलेलं होतं. एवढं पाणी, एवढी राख, एवढा विस्तव लावूनही ते गेलं नव्हतं. तिनं वास घेतला.

"ह्याला मी देवाचा वास म्हनत हुते," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

डॉक्टर चुलीजवळून उठून आले, तोंड काजळीनं काळं, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. "मावशी," ते म्हणाले, "मुरलेलं कुणालाच धुता आलं नसतं. मलाही नाही. दरसाल नवा डेरा घ्यायचा. निवडायचा कुणी, शेकायचा कुणी, ते माझ्या हुकमात लिहून देतो. तुम्ही. दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही."

"लिहून?"

"शिक्क्यासकट."

मावशीनं खापरी खाली ठेवली. पदर खोचला. "मास्तर, माझ्या घरनं माझा डेरा आना. सकाळीच शेकलाय. अन् रेवणप्पा, कुटं पळालास? तुझ्या पान्याच्या दुधाचं दही बाजूला ठेव, ते काल्यात न्हाय यायचं! कुनाचं दूध न उकळता इरजलंय, बोला! कालचं दही कुनाचं? कुनी लपवू नका, सगळी पापं आज भाईर आलीच हायत!"

तीन तांबे मुकाट मागं गेले. एक आमच्याच घरचा होता.

मावशी राखेचं ताट आणि कळशी घेऊन मंडपात उभी राहिली. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कुणी लाहीला शिवायचं नाही. बुवा धुवून आले, नागप्पा धुवून आला, शिपाईही धुवून आला. मग तिनं स्वतः काला कालवला. आलं, मिरची, लोणचं पडलं, लाह्या कुरकुरत होत्या, दही गार होतं, आणि तो वास, अहाहा, नुसत्या दह्याचा वास, आम्ही तो काल्यात पहिल्यांदाच घेत होतो. डॉक्टरांना राहवेना. चुली फुंकून भूक लागली असावी. त्यांनी सरळ डेऱ्याकडे हात नेला.

चटाक!

मावशीनं पळीनं त्यांच्या बोटांवर मारलं होतं. "डाक्टर! हात!"

डॉक्टरांनी आपल्या काळ्या हातांकडे बघितलं. मग उभ्या पेठेसमोर, राखेच्या ताटापुढं वाकून, लहान पोरासारखे हात धुतले. बुवांनी त्या क्षणी जो नामघोष धरला तसा नामघोष मी नंतर कधी ऐकला नाही.

पहिला घास कुणाला द्यायचा यावर जरा वाद झाला. डॉक्टर म्हणाले, माझी एक अट राहिलीच. अर्ध्या तासाच्या आत काला संपला पाहिजे, घरी न्यायचा नाही, उद्याला ठेवायचा नाही, आणि सुरुवात मावशीपासून. तीस वर्षांनी सोजरमावशीनं काला खाल्ला. डोळे मिटून खाल्ला. मग डोळे उघडून म्हणाली, "मीठ कमी हाय," आणि मूठभर घातलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली. पोट गप्प. खरोखर गप्प की दम धरून आहे, काही कळेना. मी हळूच उठलो, रिकाम्या हातानंच नाल्याकडे निघालो. म्हटलं, बघावं, कोण कोण आलं आहे.

नाल्याकाठी अख्खी पेठ उभी होती. नागप्पा, रेवणप्पा, ती सासू, ती सून, मागून पदर सावरत आमची मालती. शेवटी डॉक्टर, हातात वही, आणि त्यांच्या शेजारी सोजरमावशी. सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत होते. एकाच्याही हातात टमरेल नव्हतं.

"राम राम मास्तर," नागप्पा म्हणाला. "हवा खायला?"

"हो," मी म्हणालो. "हवा खायला."

आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी खरंच खाल्ली. फार छान होती.